शेततळ्यासाठी मत्स्यबीज: जातवार परीक्षण, आठ महिन्यांच्या पाण्याच्या हिशोबानं

बीजविक्रेत्याच्या फलकावर वाढीचा एकच आकडा असतो: 'कटला, वर्षात दीड किलो.' आकडा खोटा नाही, पण तो बारमाही तलावातला आहे. शेततळं जुलै-ऑगस्टमध्ये भरतं आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यातलं पाणी डाळिंबाला नाहीतर द्राक्षाला जातं. हातात उरतात आठ महिने. त्यातले डिसेंबर-जानेवारी थंडीचे, आणि पाणी २० अंशांखाली गेलं की कटल्यासारखे कार्प जातीचे मासे खाणं आखडतात. म्हणजे वाढीचे खरे महिने सहाच. म्हणून इथं प्रत्येक जातीला तीन प्रश्न लावले आहेत. एवढ्या मुदतीत खपण्याजोगं वजन येतं का? टाकलेल्यातले किती हाती लागतात? आणि विक्रीआधी तळ्यातच पिल्लं घालून बसतो का? तिसरा प्रश्न खरेदीच्या वेळी फारसं कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात महाग तोच पडतो.

जातीआधी आकार पाहू, कारण पैसे इथंच बुडतात. विक्रीला चार टप्पे असतात. मत्स्यजिरे म्हणजे ६-८ मिलिमीटरची, खरोखर जिऱ्याएवढी पिल्लं. २५ मिलिमीटरच्या आसपास गेलं की ते मत्स्यबीज. त्यापुढं ५० मिलिमीटरपर्यंत अर्धबोटुकली, आणि त्याहून मोठी, करंगळी ते मधल्या बोटाएवढी, ती बोटुकली. जिऱ्यापासून बीज होईपर्यंत मातीच्या संगोपन तळ्यात चांगली निगा असेल तर ३० ते ५० टक्के जगतात. बीजापासून बोटुकली होईपर्यंत ६०-७० टक्के, आणि बोटुकलीपासून विक्रीपर्यंत ८०-९० टक्के. मर सगळी सुरुवातीला असते. जिरं शेततळ्यात टाकणं म्हणजे बेडकांना आणि पाणकिड्यांना जेवण घालणं.

आता हिशोब. हजार बीज थेट शेततळ्यात टाकलं, राखण बेताचीच असेल तर ३०० मासे हाती लागले तरी बरं म्हणायचं. १०० मिलिमीटरच्या ४०० बोटुकल्या टाकल्या आणि ८० टक्के जगल्या, तर ३२०. म्हणजे बोटुकलीचा नगाचा भाव बीजाच्या अडीचपट असला तरी बरोबरी होते, आणि बीजाची बोटुकली व्हायला लागणारे दोन-तीन महिने वाचतात ते वेगळे. आठांतून तीन महिने गेल्यावर उरतं काय?

अडचण अशी की देशी कार्पची, म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ यांची, वीण पावसाळ्यातच होते. जून-जुलैमध्ये निघालेलं जिरं बोटुकली होईपर्यंत सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. तळं मात्र जुलैतच भरलेलं असतं. यावर तोडगा म्हणजे मागच्या हंगामातली, दाटीत आणि थोड्या खाद्यावर वर्षभर दाबून ठेवलेली बोटुकली. ती ५० ते १०० ग्रॅमची असते, वयानं वर्षाची आणि अंगानं लहान. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की राहिलेली वाढ भरून काढत सुटते. आंध्रातले मोठे मत्स्यशेतकरी हाच माल वापरतात. महाराष्ट्रात तो सगळीकडे मिळत नाही, त्यामुळं मार्चमध्येच नोंदणी करावी लागते. मिळाला तर पुढचं निम्मं परीक्षण न वाचताही चालेल.

कटल्यापासून सुरुवात करू. तोंड वर वळलेलं, डोकं मोठं, वरच्या थरातले प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, गाळून खाणारा. तीन देशी कार्पमध्ये वाढीला सगळ्यात वेगवान. १०० ग्रॅमची बोटुकली जुलैत सोडली आणि पाणी हिरवट-तपकिरी राहिलं, तर मार्चपर्यंत ८०० ग्रॅम ते किलो गाठते. पक्व व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि साचलेल्या पाण्यात वीत नाही, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाची चिंताच नाही. खोट वेगळीच आहे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात प्लवंग आपोआप तयार होत नाहीत, आणि ठिबकवाल्याला पाणी हिरवं झालेलं चालत नाही, कारण गाळण्या दर दोन दिवसांनी तुंबतात. अशा निवळशंख पाण्यातला कटला ओळखू येतो: डोकं तेवढंच, मागचं अंग चपटं, उचलला तर हाताला हलका. खपतो, पण व्यापारी भाव पाडतो. शेणखताची स्लरी टाकायची तयारी असेल तर ५ पैकी ४ गुण, नसेल तर २.

कटल्याच्या बीजात भेसळही जास्त असते, आणि त्याला कारण आहे. कार्पला इंजेक्शन टोचून वीण घ्यायचं तंत्र भारतात १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुळमध्ये हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी यशस्वी केलं. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून १० जुलै पाळतात तो त्यामुळंच. आज संप्रेरकाची तयार इंजेक्शनं मिळतात, तरीही तिघांत कटला सगळ्यात हट्टी. मादी नीट पिकत नाही, पाऊस लांबला तर टोचूनही अंडी सोडत नाही, आणि किलोमागे अंडी रोहूपेक्षा कमी देते. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या वर सहज जाते. साहजिकच हंगामात रोहूचा महापूर आणि कटल्याचा दुष्काळ असतो, आणि 'कटला' लिहिलेल्या पिशवीत रोहू भरला जातो. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही जाती एकाच कुंडात विण्यासाठी सोडल्या की कटला-रोहूचा संकर निघतो. तो पुढं प्रजननक्षम असतो आणि कुणाच्या तरी तळ्यात जनक म्हणून शिरतो.

रोहू हा भरवशाचा माल. मधल्या थरात राहतो, झालरीच्या ओठांनी वनस्पतिप्लवंग आणि कुजका पाला टिपतो, आणि भाताचा कोंडा अधिक शेंगदाणा पेंड हे साधं खाद्य मनापासून खातो. खाद्य पाण्यात भिरकावण्यापेक्षा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून काठीला टांगलं तर नासाडी कमी होते. पोत्याला तोंड लावून खायची सवय रोहूला चटकन लागते. आठ महिन्यांत ६०० ते ८०० ग्रॅम. पक्व होतो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, तळ्यात वीत नाही. भुवनेश्वरच्या 'सिफा' या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेनं निवड पद्धतीनं काढलेला 'जयंती' रोहू मिळाला तर तोच घ्यावा. पिढीमागे वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत नेलेली जात आहे. मात्र 'जयंती' हा शब्द आता पिशवीवर कुणीही लिहितो. जनक मासे कुठून आणले याचा कागद मागा. कागद नसेल तर साध्या रोहूचाच भाव द्या. ५ पैकी साडेचार.

मृगळ तळाशी राहतो, गाळातला कुजका भाग खातो. मातीच्या तळ्यात ठीक. प्लास्टिकच्या तळ्यात पहिल्या वर्षी तळाला खायलाच काही नसतं, म्हणून वाढ मागं पडते. शिवाय जाळ्याखालून निसटतो. पाणी उपसल्याशिवाय सगळा हाती येत नाही. शेततळ्याला २ गुण, तेही उदारपणे.

आता सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. विक्रेते हा आग्रहानं गळ्यात मारतात, कारण त्यांच्याकडं तो वर्षभर असतो. काटक आहे, कमी प्राणवायू सोसतो, थंडीत इतरांपेक्षा जास्त खातो, आणि सुरुवातीचे चार-पाच महिने सगळ्यांच्या पुढं पळतो. पण आपल्या हवामानात सहा महिने ते वर्षाच्या आत पक्व होतो आणि साचलेल्या पाण्यात, कसलीही टोचाटोची न करता वीतो. मुख्य वीण जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात. जानेवारीत एखादी मादी धरून पोटावरून अंगठा फिरवा, मऊ आणि फुगीर लागेल. डिसेंबरपासूनचं खाद्य तिथं गेलेलं असतं, मांसात नाही. गाभोळीच्या शौकिनाला आवडेल, पण मासळीबाजारात आत अंडी भरलेला कार्प म्हणून भाव चढत नाही. अंडी चिकट असतात, पाणवनस्पतीला किंवा तळ्यात लोंबणाऱ्या दोरीला चिकटतात, आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. मग खाद्याला हजारो नवे भागीदार. मातीच्या तळ्यात हा मासा बांधही उकरतो. काढणी फेब्रुवारीच्या आत होणार असेल तरच घ्या, आणि एकूण संख्येच्या १५ टक्क्यांवर नको. कर्नाटकात हेसरघट्टा इथं आणलेला हंगेरियन 'अमूर' वाण उशिरा पक्व होतो आणि वेगानं वाढतो. तो खात्रीनं मिळत असेल तर ही तक्रार बरीचशी मागं घेता येईल.

गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाणवनस्पती खातो. तळ्याच्या कडेला हत्तीगवत किंवा नेपियर असेल तर रोज कापून टाका, फुकटात किलोवर जातो. चारा नसेल तर घेऊ नका. वीस-तीस नग पुरे. चंदेऱ्याबद्दल (सिल्व्हर कार्प) मात्र हात आखडता घ्यावा. वाढ झपाट्याची, पण वनस्पतिप्लवंगावर जगताना कटल्याच्या थरात घुसून त्याच्याशी स्पर्धा करतो, आणि पहाटे प्राणवायू उतरला की सगळ्यात आधी हाच पृष्ठभागावर तोंड काढतो. पाण्याबाहेर काढल्यावर मिनिटांत मरतो, मांस लवकर मऊ पडतं, बारीक काटे भरपूर. काढणीच्या दिवशी व्यापारी तळ्यावर हजर नसेल तर माल पडून राहतो.

मासे किती सोडायचे यावर थोडं सविस्तर, कारण पहाटेच्या मरीचा संबंध जातीइतकाच पाण्याशी आहे. ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल, दीडास एक उताराचं तळं काठोकाठ भरलं तर साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. तळाला ते २१ × २१ मीटरच असतं. म्हणून पाणी एक मीटरवर आलं की उरतात जेमतेम पाच लाख लिटर, म्हणजे चौथा हिस्सा. मासे मात्र तोवर दसपट वजनाचे झालेले. जुलैचं पाणी बघून हजार बोटुकली सोडणारा मार्चमध्ये पहाटे चारला फसतो. आधी चंदेरा, मग कटला, मग रोहू अशी रांग लागते; सायप्रिनस आणि तिलापिया शेवटपर्यंत तग धरतात. पाणी फिरवायचा पंप नसेल तर ५०० नग पुरेत, आणि पाणी दीड मीटरवर आलं की मोठे मासे निवडून काढायला सुरुवात करा.

पंगेशियस, बाजारातला पंगस. पश्चिम बंगालात हा १९९५-९६ च्या सुमारास बांगलादेशातून आला, आणि आजही बरंचसं बीज नैहाटीकडूनच येतं. वातावरणातली हवा घेऊ शकतो, म्हणून प्राणवायूच्या मरीतून वाचतो. आठ-दहा महिन्यांत किलो. पक्व व्हायला तीन वर्षं तरी लागतात, तळ्यात वीण शून्य. तिन्ही प्रश्नांना उत्तरं चोख, मग अडतं कुठं? दोन ठिकाणी. एक, कोंडा-पेंडीवर परवडत नाही. २८-३० टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य लागतं, आणि नफा-तोटा खाद्याच्या भावावर ठरतो. दोन, थंडी. पाणी २० अंशांखाली गेलं की खाणं सोडतो, त्यात जाळं ओढून अंग खरवडलं की पांढरे चट्टे पडतात आणि मर लागते. निफाड-नाशिक पट्ट्यात ऑक्टोबरमध्ये लहान पंगस सोडणं हा जुगार आहे. कोकणात आणि विदर्भाच्या सखल भागात धोका कमी. बीज घेताना शेपटी आणि पर पाहा. जिऱ्याच्या वयात ही पिल्लं एकमेकांना चावतात, आणि कुरतडलेल्या परांचा माल प्रवासात बुरशी धरतो.

रूपचंदचंही बरंचसं असंच: लालसर पोट, माणसासारखे सपाट दात, तरंगतं खाद्य हावरटपणे खाणारा, आठ महिन्यांत पाऊण किलोच्या पुढं, तळ्यात वीत नाही, थंडीला कच्चा. दिसायला पापलेटाच्या जवळपास, म्हणून शहराजवळ खपतो. तो पापलेट म्हणून विकू नये, एवढंच.

तिलापियाला सगळ्यात जास्त जागा द्यावी लागते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. साधी चिलापी, म्हणजे मोझांबिक जात, १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आली. दोन-तीन महिन्यांत पक्व होते. नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी तोंडात उबवते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते. अंडी शेकड्यातच, कार्पच्या लाखांपुढं काहीच नाहीत. पण तोंडात सांभाळल्यामुळं पिल्लं जगतात, आणि दर महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा वीण. कार्प लाखो अंडी टाकून देवावर सोडतो. चिलापी थोडी घालते आणि राखते. परिणाम असा की सहा महिन्यांत तळ्यात हजारो मासे, आणि एकही शंभर ग्रॅमचा नाही. उजनीत चिलापीचं राज्य आलं ते काही वाढीच्या वेगावर नाही.

'गिफ्ट' तिलापिया वेगळी. नाईल जातीतून १९८८ पासून फिलिपिन्समध्ये निवडीनं काढलेला वाण. चांगल्या खाद्यावर सहा महिन्यांत ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे शेततळ्याच्या मुदतीत अगदी नेमका बसणारा. अट एकच, माल सगळा नर, म्हणजे एकलिंगी हवा. त्यासाठी पिल्लं खायला लागल्या दिवसापासून २१ दिवस संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात. ते चार दिवस उशिरा सुरू झालं, किंवा कुंडात शेवाळ असल्यानं पिल्लांनी तेच खाल्लं, तर माद्या राहतात. शंभरात दहा माद्या म्हणजे तीन-चार महिन्यांत कडेला पिल्लांचे थवे. तपासणी सोपी आहे. मासा २५-३० ग्रॅमचा झाला की उताणा धरून गुदद्वारामागचा उंचवटा पाहा: नराला एकूण दोन छिद्रं, मादीला तीन. शाईचं बोट लावलं की ठळक दिसतात. पन्नास मासे तपासा. तीनपेक्षा जास्त माद्या निघाल्या तर विक्रेत्याशी बोला, आणि तळ्यातल्या माद्या तेव्हाच काढून टाका. या माशाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि तळ्याच्या सांडव्याला जाळी हवी. परवानगीचा विषय विक्रेता स्वतःहून काढत नसेल तर तो माल बहुधा साधी चिलापीच. खरा एकलिंगी गिफ्ट: ५ पैकी साडेचार. 'गिफ्टच आहे की साहेब' म्हणून दिलेला: शून्य.

मरळीचा मोह सगळ्यांना होतो, कारण जिवंत मरळीला भाव सोन्याचा. नर-मादी पिल्लांचा तांबूस थवा राखत फिरतात, म्हणून निसर्गात पिल्लं जगतात. तळ्यात ती राखण तुमच्यावर येते. दर पंधरवड्याला आकारानुसार वेगळी केली नाहीत तर मोठं लहानाला गिळतं. हजारांतले दोनशे उरल्याच्या तक्रारी त्यातूनच येतात. गोळी खाद्याला लावलेलं बीज नसेल, नदीतून धरलेलं असेल, तर ते उपासानं मरतं. बीज देताना विक्रेत्याला समोर गोळी टाकायला सांगा, खाल्ली तरच पैसे द्या. आणि तळ्याभोवती दोन-अडीच फूट जाळी लावा. पावसात मरळ चालत जाते. 'मागूर' म्हणून कुणी थाई मागूर देऊ केला तर हात लावू नका, त्यावर बंदी आहे.

बीज ताब्यात घेताना दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. परातीत पाणी घ्या, पन्नास-साठ पिल्लं सोडा, हातानं पाणी गोल फिरवा. निरोगी पिल्लं प्रवाहाविरुद्ध पोहत कडेला लागतात. मधोमध गोळा होऊन फिरत राहतात ती दोन दिवसांची सोबती. त्याच परातीत जातही बघून घ्या. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड आणि मिशा नाहीत, तो कटला. झालरीचे ओठ आणि शेपटीच्या देठावर आडवा काळसर पट्टा, तो रोहू. बारीक अंग आणि देठावर चौकटीच्या पानासारखा ठिपका, तो मृगळ. मोजणी छिद्राच्या कपानं होते. कप विक्रेत्यानं नाही, तुम्ही निवडा, आणि त्यातली पिल्लं एकेक मोजा.

पॅक करण्याआधी बीज एक दिवस हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) उपाशी ठेवलं होतं का, हे विचाराच. भरल्या पोटी पिशवीत गेलेली पिल्लं विष्ठेनं पाणी घाण करतात, अमोनिया चढतो आणि चार तासांच्या प्रवासात पिशवी दुधाळ होते. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से प्राणवायू हवा. तळ्यावर आल्यावर पिशवी न सोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्या, आणि पिशवी आडवी करून पिल्लांना स्वतःहून बाहेर पडू द्या. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाकाठानं फिरून मेलेली मोजा आणि फोटो विक्रेत्याला त्याच दिवशी पाठवा. आठवड्यानंतर कुणी ऐकून घेत नाही.

३० × ३० च्या प्लास्टिक तळ्यासाठी, कोंडा-पेंडीवर, पंपाशिवाय: रोहू २५०, कटला १५०, सायप्रिनस ७०, गवत्या ३०. पाणी निवळ ठेवायचं असेल तर कटल्यातले शंभर कमी करून रोहूत घाला. गोळी खाद्य आणि पाणी फिरवायचा पंप परवडत असेल तर हे सगळं सोडून एकलिंगी गिफ्ट एकटाच टाका. त्यात कार्प मिसळू नका. महागडं खाद्य सायप्रिनस आधी संपवतो.